फोम विकत घेण्याआधी : घरच्या रेकॉर्डिंग खोलीची तपासणी

माझ्या मागच्या खोलीच्या भिंतीवर राखाडी फोमचे आठ तुकडे अजून चिकटलेले आहेत. मुळात बारा होते. एक फूट बाय एक फूट, इंचभर जाड, ऑनलाइन मागवलेले. लावले त्याच संध्याकाळी एक कथा वाचून रेकॉर्ड केली आणि बायकोला ऐकवली. ती म्हणाली, "न्हाणीघरात बसून वाचली काय?" पुढच्या मे महिन्यात उन्हानं टेप सुटून चार तुकडे खाली पडले, तरी रेकॉर्डिंगमध्ये काडीचा फरक पडला नाही. तेव्हा लक्षात आलं, आपण रोग न तपासताच औषध आणलं होतं.

हा लेख त्या तपासणीबद्दल आहे. ऑडिओबुक, पॉडकास्ट, व्हॉइस-ओव्हर, गाण्याचा डेमो, काहीही घरी रेकॉर्ड करणार असाल तर पैसे काढण्याआधी एक रविवार खोलीला द्या. सामान फार लागत नाही. असेल तो माइक, कान पूर्ण झाकणारे हेडफोन, लॅपटॉपवर फुकट मिळणारं ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, मोजायचा टेप, चार-पाच मोठे फुगे आणि एक वही. वही टाळू नका. काल खोली कशी वाजत होती हे कानाला आज आठवत नाही, आणि आठवलं तरी ते सोयीचंच आठवतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा. बाहेरचा आवाज आत येणं हा एक त्रास, आणि आपलाच आवाज आत घुमणं हा दुसरा. पडदा, गादी, फोम हे सगळं दुसऱ्या त्रासासाठी. रस्त्यावरचा हॉर्न अडवायला वजन लागतं : विटेची भिंत, जाड काच, दाराखालची बुजवलेली फट. अंड्यांचे ट्रे यातल्या कशालाच पुरे पडत नाहीत, ते अंड्यांसाठीच ठेवा.

आधी खोली मोजा

लांबी, रुंदी, उंची फुटांत वहीत लिहा. माझी खोली १२ बाय १०, वर स्लॅब १० फुटांवर. हे आकडे पुढे कामाला येतात. तुमच्याकडे दोन खोल्यांत निवड असेल आणि त्यातली एक १० बाय १० बाय १० निघाली, तर तिथं कपडे वाळवा आणि दुसरीत माइक लावा. तिन्ही मापं सारखी असली की खोलीचे सगळे दोष एकाच सुरावर गोळा होतात. का, ते पेटीच्या, म्हणजे हार्मोनियमच्या, पायरीवर कळेल.

शांतता किती आहे?

जिथं बसून बोलणार तिथं माइक लावा. तोंडापासून वीतभर अंतर ठेवा. नेहमीच्या आवाजात एक परिच्छेद वाचा आणि गेन, म्हणजे माइकचा आवाज किती उचलायचा ती खुंटी, असा लावा की मीटरची टोकं उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहतील. आता गेनला हात लावायचा नाही. पंखा बंद, फोन विमान मोडवर, खिडक्या लावलेल्या. एक मिनिट काहीही न करता रेकॉर्ड करा. श्वासही जरा दूर तोंड करून.

ऑडॅसिटीत हा तुकडा निवडून ॲनालाइझ मेनूतलं कॉन्ट्रास्ट उघडलं की त्याची सरासरी पातळी मिळते. ऑडिओबुकांच्या जगात एसीएक्सचा, म्हणजे ऑडिबलसाठी ऑडिओबुक स्वीकारणाऱ्या साइटचा, निकष बहुतेकांना माहीत असतो : वाचनाची सरासरी उणे २३ ते उणे १८ डेसिबल, सर्वांत मोठं टोक उणे ३ च्या आत आणि शांततेची पातळी उणे ६० किंवा त्याखाली. मराठी पॉडकास्टसाठी इतकं कडक कोणी मागत नाही, पण मोजपट्टी म्हणून हा निकष चांगला आहे. उणे ६० च्या खाली गेलात तर खोली नशिबाची. उणे ५५ च्या आसपास असाल तर निभावून जाईल. उणे ४५ च्या वर असाल तर पुढच्या पायऱ्या नंतर, आधी आवाज कुठून येतोय ते शोधा.

शोधायचं कसं? तोच तुकडा निवडून प्लॉट स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या सुरावर किती आवाज आहे याचा आलेख, काढा. ५०, १००, १५० हर्ट्झवर (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं) सुया उभ्या दिसल्या तर तो विजेचा गुणगुणाट आहे, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. लॅपटॉपचा चार्जर काढून पुन्हा रेकॉर्ड करा. सुया गेल्या तर दोष वायरिंगचा, खोलीचा नाही. नाही गेल्या तर फ्रिज, इन्व्हर्टर, ट्यूबलाइटचा चोक, पंख्याचा रेग्युलेटर एकेक बंद करत चला. माझ्याकडे चोर सापडला तो बैठकीतला इन्व्हर्टर. दोन भिंती पलीकडे असूनही तो फरशीतून येत होता. त्याच्याखाली रबराचा पायपुसणा टाकल्यावर निम्म्यानं उतरला.

आलेखात ६०–७० हर्ट्झच्या खाली नुसता पसरट डोंगर दिसत असेल तर ती रहदारी किंवा रेल्वे. आपल्या नागपुरात अजनीच्या बाजूला किंवा वर्धा रोडजवळ राहत असाल तर हा डोंगर दिसणारच. त्याला अडवायच्या नादी लागू नका. रेकॉर्डिंगनंतर ८० हर्ट्झचा हाय-पास फिल्टर, म्हणजे त्याखालचा आवाज गाळणारी चाळणी, लावला की बहुतेक साफ होतो आणि बोलण्याला धक्का लागत नाही.

आता हेच एक मिनिट दिवसातून सहा-सात वेळा रेकॉर्ड करा आणि गल्लीचं वेळापत्रक मांडा. माझ्या वहीतलं एप्रिलचं पान असं आहे : पहाटे चार, उत्तम. पाचच्या आधीच कोकीळ सुरू, आणि एकदा सुरू झाली की ती दम घेत नाही. साडेसहाला खालच्या टाकीची मोटर. आठच्या सुमाराला कचरागाडीचं गाणं. दहा ते बारा भाजीवाले, भंगारवाले, सगळ्यांचे भोंगे. दुपारी एक ते चार रस्त्यावर चिटपाखरू नाही. आपल्याकडे पारा पंचेचाळीसकडे सरकला की नागपूरची दुपार मध्यरात्रीपेक्षा शांत असते. एकच अडचण, तेव्हा प्रत्येक घराच्या खिडकीत कूलर घोंघावत असतो. तुमच्याही.

कूलरचं काय करायचं

बाहेरगावचे लोक सांगतात, एसी लावा, खोली बंद करा. कूलर लावणाऱ्याला हे जमत नाही, कारण कूलर चालतोच मुळी उघड्या खोलीत. आत आलेली हवा बाहेर जायला वाट नसेल तर खोलीत नुसती दमट वाफ साठते. म्हणजे एका खिडकीत भलं मोठं भोक आणि समोरचं दार उघडं, अशी आपली उन्हाळ्यातली खोली.

तीन तुकडे रेकॉर्ड करून पाहा : कूलरचा पंखा आणि पंप दोन्ही चालू, नुसता पंप चालू, दोन्ही बंद. माझ्याकडे पंखा चालू असताना पातळी उणे ३४, नुसत्या पंपावर उणे ५२, दोन्ही बंद केल्यावर उणे ५८. पंप बरा वाटतो, पण टपटपणारं पाणी हेडफोनमध्ये फार बोचतं, एकसुरी नसल्यामुळे नॉइज रिडक्शनलाही दाद देत नाही. मी अर्धा तास कूलर पूर्ण वेगात चालवून खोली गार करतो, मग दोन्ही बंद करून, दार लावून, वीस मिनिटं वाचतो. बाविसाव्या मिनिटाला घाम कानामागून हेडफोनच्या गादीत उतरतो आणि वाचनाची गती आपोआप वाढते. ती गती रेकॉर्डिंगमध्ये कळते. म्हणून वीस मिनिटं.

कूलर बंद असला तरी खिडकीतलं भोक तसंच राहतं. वाळ्याच्या ताट्या ओल्या असताना थोडा आवाज खातात, पण अडवत फारसं काही नाहीत. बंद कूलरच्या तोंडावर आतून जाड सतरंजी चौपदरी करून टांगा आणि आधीचा-नंतरचा आकडा लिहा.

टाळी

खोलीच्या मधोमध उभे राहा, खाडकन एकच टाळी वाजवा आणि शेपूट ऐका. मग भिंतीजवळ, कोपऱ्यात, दारात. टाळीच्या मागे 'टर्र्र' किंवा 'झ्यँक' असा तारेसारखा आवाज आला तर तो समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींचा खेळ आहे. आवाज त्यांच्यात चेंडूसारखा आपटत राहतो. १० फुटांच्या अंतरात जाऊन-येऊन २० फूट होतात, आणि आवाज सेकंदाला साधारण ११३० फूट जातो, म्हणजे सेकंदाला ५६ टप्पे. कानाला ते टप्पे वेगळे कळत नाहीत, नुसती टरटर कळते. आपल्या घरांत वर स्लॅब आणि खाली टाइल्स किंवा कोटा असल्यामुळे ही टरटर उभीही असते. ती पकडायला खाली बसून टाळी वाजवा.

मी हे रात्री साडेदहाला करत होतो. शेजारच्या काकू गॅलरीतून म्हणाल्या, "काहून टाळ्या वाजवून राहिला रे? आरती तर संध्याकाळीच झाली!" तेव्हा शक्यतो दिवसा करा.

टरटर ही सगळ्यांत स्वस्तात बरी होणारी तक्रार. दोन्हीपैकी एका भिंतीवर तोंडाच्या उंचीला काहीतरी मऊ आणि जाड आलं की ती संपते. इथं पातळ फोमसुद्धा उपयोगी पडतो. माझे उरलेले आठ तुकडे याच कारणासाठी अजून भिंतीवर आहेत.

फुगा फोडा, घुमणं मोजा

टाळी दर वेळी सारखी पडत नाही, म्हणून मोजायला फुगा. एकाच मापाचे फुगवा. माइक तुमच्या जागेवर, गेन बराच कमी करा, आणि पाच-सहा फुटांवरून टाचणी लावा. तीनदा करा. ऑडॅसिटीत ट्रॅकचा देखावा डेसिबलमध्ये बदला. टोकानंतरची उतरण आता बऱ्यापैकी सरळ रेषेसारखी दिसेल. टोकापासून ५ डेसिबल खाली एक खूण, २५ डेसिबल खाली दुसरी खूण. दोन्हींमधला वेळ गुणिले तीन. आवाज ६० डेसिबल खाली यायला लागणारा वेळ हाच, आणि घुमण्याचं माप सगळीकडे यातच सांगतात.

बोलण्यासाठी छोट्या खोलीत हा वेळ ०.३ ते ०.४ सेकंद असावा. पूर्ण रिकामी, नुसत्या प्लॅस्टरची खोली दोन सेकंदांच्या पुढेही जाते. पलंग, कपाट आणि एक पडदा धरून माझी खोली निघाली ०.८ सेकंद.

हे गणित १८९५ च्या सुमाराला हार्वर्डमध्ये वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकानं बसवायला घेतलं. तिथल्या एका व्याख्यानगृहात शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. सबाइन रात्री जवळच्या नाट्यगृहातल्या बैठकीच्या गाद्या उचलून तिथं आणायचा, ऑर्गनची नळी वाजवायचा आणि किती गाद्यांनी घुमणं किती उतरतं ते घड्याळावर मोजायचा. सकाळी गाद्या परत. म्हणजे या शास्त्राचा पायाच गाद्या उचलण्यावर घातला गेलाय, तुम्हाला लाजायचं कारण नाही.

त्याचं सूत्र फुटांत असं : खोलीचं घनफळ गुणिले ०.०४९, भागिले घुमण्याचा वेळ. उत्तर येतं ते खोलीत आवाज पूर्ण गिळणारा पृष्ठभाग किती चौरस फूट आहे याचं. माझं घनफळ १२०० घनफूट. ०.८ सेकंदाला उत्तर साडेत्र्याहत्तर. ०.३५ सेकंद हवे असतील तर १६८. म्हणजे अजून ९५ चौरस फूट गिळणारं काहीतरी हवं. आणि मी आणला होता बारा चौरस फूट फोम, तोही इंचभर जाडीचा, जो दोन-तीन हजार हर्ट्झच्या वरचाच आवाज नीट खातो. बायकोचं न्हाणीघर या वजाबाकीतच होतं.

पेटी घ्या

आता खरा मुद्दा. खोलीचा खर्ज. नवखे लोक नेमकी हीच तपासणी सोडतात, आणि मग वर्षभर इक्वलायझरशी, म्हणजे एकेक सूर कमी-जास्त करणाऱ्या साधनाशी, झटापट करत बसतात.

दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये काही ठरावीक सूर अडकून फुगतात. पहिला सूर काढायला ५६५ ला त्या अंतरानं, फुटांत, भागा. १२ फुटांचा ४७ हर्ट्झ, १० फुटांचा साडेछप्पन. मग त्यांची दुप्पट, तिप्पट. इतके खालचे सूर बोलण्यात नसतात, पण दुपटीचे असतात : ९४ आणि ११३. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये फिरतो, म्हणजे दोन्ही बरोबर त्याच्या घरात. माझ्या खोलीची रुंदीही १० आणि उंचीही १०, म्हणून ११३ दोनदा फुगतो. १० बाय १० बाय १० मध्ये तो तीनदा फुगला असता.

हे ऐकायला यंत्र नको. घरात पेटी असेल, आणि त्यात बास, म्हणजे खर्जाच्या, रीड असतील, तर माइकच्या जागी ती मांडा. भाता एकसारखा ठेवून सर्वांत खालच्या सप्तकातला एकेक सूर चार-चार सेकंद धरा आणि रेकॉर्ड करा. पेटीचे सूर ट्यूनर ॲपवर एकदा ताडून घ्या. ११० हर्ट्झची पांढरी सहा, म्हणजे सप्तकातली सहावी पांढरी पट्टी, आणि ११६.५ ची काळी पाच. माझ्या खोलीत या दोघींच्या आसपास मीटर उडी मारतं आणि छातीत दाब जाणवतो. काळी तीन, साडेब्याण्णवची, हीदेखील थोडी फुगते, ती लांबीची. बाकीचे सूर सरळ चालतात.

कोणी म्हणेल, ती रीडच मोठी असेल. बरोबर शंका. पेटी गच्चीवर न्या आणि तेच सूर वाजवा. तिथंही काळी पाच उडी मारत असेल तर पेटी दुरुस्तीला द्या. गच्चीवर सगळे सूर सारखे आणि खोलीत एकच फुगतो, तर दोष खोलीचा.

नागपूरकरांसाठी यात एक गंमत आहे. उष्ण हवेत आवाज जोरात पळतो, अंशामागे सेकंदाला सुमारे ०.६ मीटर जास्त. डिसेंबरच्या सकाळी खोलीत १५ अंश असताना माझा फुगणारा सूर ११२ च्या जवळ असतो, म्हणजे पांढरी सहाच्या शेजारी. मे महिन्यात कूलर बंद करून खोली ३८ अंशांवर गेली की तोच ११६ वर जातो, जवळजवळ काळी पाचवर. हिवाळ्यात इक्वलायझरमध्ये ११२ वर घातलेली खाच उन्हाळ्यात चुकीच्या जागी बसते. हे मला दोन उन्हाळे कळलं नव्हतं, मी माइक बिघडला म्हणून दुकानात नेऊन दाखवला होता.

पेटी नसेल तर टोन काढणारं ॲप आणि जरा मोठा ब्लूटूथ स्पीकर चालेल. फोनचा स्वतःचा स्पीकर १०० हर्ट्झ काढूच शकत नाही, त्याच्यावर विसंबू नका. तेही नसेल तर खर्जात 'ओ' लावा आणि मींड घेत सावकाश वर चढा. ज्या जागी आवाज फुकट मोठा होतो तो खोलीचा सूर.

कुठं बसायचं

ही पायरी फुकट आहे आणि तिनं सर्वांत जास्त मिळतं. दुपटीचा सूर भिंतीपाशी आणि बरोबर मधोमध सर्वांत जोरात असतो, आणि पाव अंतरावर जवळजवळ नाहीसा होतो. १० फुटांच्या रुंदीत मधोमध बसलात तर ११३ च्या तोंडात बसलात. भिंतीपासून अडीच फुटांवर सरकलात तर सुटलात. उंचीचंही तेच. उभं राहून बोलताना तोंड साधारण पाच फुटांवर येतं, दहा फुटी खोलीचा नेमका मध्य. खुर्चीवर बसून साडेतीन-चार फूट, थोडं बरं. आणि मांडी घालून सतरंजीवर बसलात तर तोंड अडीच फुटांच्या आसपास, म्हणजे पाव अंतरावर. गाणाऱ्यांची बैठक इथं फायद्याची ठरते. मी खुर्ची काढून टाकली.

तुमच्या खोलीत हेच होईल असं नाही, म्हणून ऐकून ठरवा. चार जागा निवडा, चिठ्ठ्या चिकटवा. प्रत्येक जागी तोच परिच्छेद, तेच वीतभर अंतर. परिच्छेदात 'घोडा', 'भोपळा', 'ओढा' असे भरदार शब्द असावेत, खर्ज कळायला. 'कच्चा पापड, पक्का पापड' म्हणा, हवेचे फटके कळायला. आणि मध्येच 'टक्' म्हणून थांबा, शेपूट कळायला. मग घरातल्या कोणालातरी फाइलींची नावं बदलायला सांगा आणि न बघता क्रम लावा. बघून ऐकलं की आपल्याला आपली आवडती जागाच गोड वाटते.

माइकसमोर काच लावलेलं टेबल असेल तर आणखी एक चाचणी : टेबलावर जाड टॉवेल टाकून आणि काढून वाचा. काचेवरून परतलेला आवाज मूळ आवाजापेक्षा फूटभर जास्त चालून माइकमध्ये शिरला तर ५६० हर्ट्झच्या आसपास आवाजात खड्डा पडतो आणि वाचन डब्यात बोलल्यासारखं येतं. टॉवेलनं फरक पडला तर टेबलच काढा. लॅपटॉपही बाजूला, माइकच्या मागे नाही.

खडखड

स्पीकरवरून ४० ते ३०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर वाजवा आणि खोलीत फिरा. लोखंडी कपाटाचं दार, खिडकीची जाळी, भिंतीवरचा फोटो, कूलरचा पत्रा, काहीतरी कुठंतरी थरथरेलच. बोटानं दाबून पाहा, थांबलं की तिथं कापडाची घडी. माझ्याकडे कपाटावरचा स्टीलचा डबा होता. सहा महिने तो माझ्या 'आ'ला साथ देत होता.

आता सामान, आणि प्रत्येक वेळी पुन्हा फुगा

९५ चौरस फूट कुठून आणायचे? आपण कापसाच्या मुलखात राहतो. एकेरी गादी, तीन बाय सहा, म्हणजे १८ चौरस फूट आणि चार इंच जाडी. पाच गाद्या म्हणजे हिशेब जवळजवळ जमला. हिशेब ढोबळ आहे, कारण कुठलीच गादी सगळा आवाज गिळत नाही, पण भिंतीपासून थोडी सुटी उभी केली तर ती मागूनही काम करते. जुनी, दबून दगड झालेली गादी चालत नाही. हवा आत शिरली तर आवाज शिरतो. पिंजाऱ्याकडून पिंजून घ्या आणि वर सैल विणीचं कापड लावा. पारख सोपी : कापड तोंडाला लावून फुंका. फुंकर पलीकडे गेली तर चालेल, रेक्झिनचं असेल तर फुकट. गांधीबागेत कापड घेताना मी ताग्याला तोंड लावून फुंकत होतो, दुकानदारानं दोनदा विचारलं, बरं आहे ना.

एक-एक गादी आणा आणि प्रत्येक वेळी फुगा फोडून आकडा लिहा. पहिली बोलणाऱ्याच्या पाठीमागे, कारण माइक समोरून ऐकतो आणि त्याला तुमच्या मागची भिंत दिसते. दुसरी बाजूच्या भिंतीवर. जागा शोधायला कोणालातरी भिंतीवर आरसा सरकवायला सांगा आणि तुम्ही माइकच्या जागी बसा. आरशात तुमच्या तोंडाची जागा दिसली तिथं गादी. बाकीच्यांपैकी दोन गाद्या कोपऱ्यांत तिरक्या उभ्या, मागे पोकळी सोडून, कारण खर्ज कोपऱ्यात साठतो. ११३ हर्ट्झच्या लाटेची लांबी १० फूट आहे, तिला चार इंचांनी मारता येत नाही, पण मागे फूटभर हवा असेल तर धार नक्की बोथट होते. उरलेली छताला नको. आपल्याकडे छताला पंखा असतो.

कापूस आणि फोम दोन्ही पेटतात. उघडं बोर्ड, एक्स्टेन्शन आणि कूलरची वायर यांच्यापासून लांब ठेवा.

ज्यांना आकड्यांची चटक लागेल त्यांनी रूम ईक्यू विझार्ड उतरवून घ्यावं, तेही फुकट आहे. स्पीकरवरून खालपासून वरपर्यंत सूर सोडून खोलीचा पूर्ण आलेख काढतं, कोणता सूर किती वेळ रेंगाळतो तेही दाखवतं. मोजणीचा माइक नसला तरी 'आधी' आणि 'नंतर' यांची तुलना तुमच्या माइकवर चालते. आलेखातले उंचवटे पाहा. खड्डे इक्वलायझरनं भरायला जाऊ नका, कितीही आवाज ओतला तरी त्या जागी तो स्वतःलाच खोडतो. जागा बदला.

माझी खोली पाच गाद्यांनंतर ०.३८ वर आली. तपासणी वर्षातून दोनदा करतो : मार्चमध्ये कूलर बसला की आणि पावसाळ्यानंतर तो निघाला की. निघाल्यावर खिडकीतल्या भोकावर प्लायवूड लावतो आणि त्याच्यावर टिचकी मारून पाहतो. ढोलासारखं वाजलं तर मागे जुनी गोधडी कोंबायची, आणि पुन्हा एक फुगा.